एचआयव्ही आणि गरोदरपणावर संशोधन करताय? पोस्टडॉकच्या पहिल्या वर्षी या चुका टाळा

पुण्यात नवा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात डेटा मागतो. महिनाभर कोड चालवतो आणि मग विचारतो, ‘एवढ्या बायका मधेच गळाल्या कशा?’ मीही विचारलं होतं. याचं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नाही, एसटी स्टँडवर आहे. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. नाव घातलं पुण्यात, बाळंतपण लातूरकडे आणि बाळाची सहा आठवड्यांची पीसीआर (रक्तात थेट विषाणू शोधणारी तपासणी) कुठेच नाही. अशा बायकांना ‘लॉस्ट टू फॉलोअप’ म्हणून वगळलं, की उरलेल्यांवरून काढलेला आकडा फक्त पुण्यात थांबलेल्यांचा असतो.

म्हणून नोंदणीच्या दिवशीच विचारा: बाळंतपण कुठे, परत कधी, माहेरजवळचं एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराचं) केंद्र कोणतं? आणि दिलेला मोबाईल कुणाचा? फोन सासूने उचलला आणि तुम्ही ‘एआरटी सेंटरमधून बोलतोय’ म्हणालात, तर त्या घरात पुढे काय होईल ते तुम्हाला कळणारही नाही. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयता बंधनकारक आहेच. काय बोलायचं हे समुपदेशक ताईंकडून शिका, त्या तुमच्यापेक्षा फार पुढे आहेत.

दुसरी चूक काळाच्या हिशोबाची, आणि ती भल्याभल्यांकडून होते. ‘जास्त आठवडे एआरटी घेतलेल्यांची बाळं अपुऱ्या दिवसांची कमी’ असं दिसलं की लगेच हुरळू नका. तिसाव्या आठवड्यात प्रसूत झालेल्या बाईला जास्त आठवडे औषध घ्यायला वेळच मिळाला नाही! उलट बाजूही आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात नाव घालणारी त्याआधी प्रसूत झालेली असूच शकत नाही. त्यामुळे प्रत्येकीचा काळ ती अभ्यासात आली त्या आठवड्यापासून मोजा, आणि औषध सुरू होण्याआधीचे आठवडे ‘औषधाविना’ याच खात्यात ठेवा. हे सगळं दिवस बरोबर असतील तरच. पाळीची तारीख ‘संक्रांतीच्या आसपास’ अशी मिळते, म्हणून पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी शोधाच.

जन्मवजन हा औषधाच्या परिणामाचाच भाग असू शकतो. म्हणून संख्याशास्त्रीय मॉडेलमध्ये ते सवयीने घालू नका, नाहीतर तोच परिणाम झाकला जाईल.

बाळाच्या तपासणीत दोन खड्डे आहेत. आईची प्रतिपिंडं बाळात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, तोवर साधी अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे बाळाला लागण झालीच असं नाही. आणि सहा आठवड्यांची निगेटिव्ह पीसीआर म्हणजे शेवट नव्हे, अंगावरचं दूध चालू आहे आणि त्यातूनही लागण होऊ शकते. पुणे, इथिओपिया आणि युगांडातल्या बाळांवर झालेली नेव्हिरापिन या एचआयव्हीविरोधी औषधाची चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांना लागण एका मात्रेच्या गटात ५.३ टक्के, सहा आठवडे औषध मिळालेल्यांत २.५ टक्के. सहा महिन्यांना तेच आकडे ९ आणि ६.९, आणि हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या भक्कम राहिला नाही. पहिल्याच आकड्यांवर थांबणारा अर्धीच गोष्ट सांगतो.

परदेशी निधी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. अर्ज आधी टाका, किट नंतर मागवा.

राहता राहिलं संमतीपत्र. त्यात ‘यादृच्छिक विभाजन’ असं लिहिलं असेल तर ते ओपीडीच्या बाकावर बसलेल्या एखाद्या बाईला वाचून दाखवा. ती मान डोलावेल. मग तिलाच विचारा, कळलं काय? ‘चिठ्ठी टाकून ठरवतात तसं’ असं लिहिलेला मसुदा सोबत ठेवा.