वक्र इलेक्ट्रोडमधला करंट: हिशेब चुकतो कुठे? या चुका टाळा

मधोमध बारीक कॅथोड (तापवल्यावर इलेक्ट्रॉन सोडणारा), भोवती नळीसारखा ॲनोड (ते गोळा करणारा), आत व्हॅक्यूम. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचाच ढग, म्हणजे स्पेस चार्ज, मागून येणाऱ्यांना अडवतो आणि करंटवर मर्यादा घालतो. करंट किती येईल, असं कोणी विचारलं की हात आपसूक चाइल्डच्या १९११ च्या सूत्राकडे जातो. सूत्र खरंच आहे, फक्त ते समोरासमोरच्या सपाट पत्र्यांचं आहे.

मीही तेच केलं होतं. कॅथोडची त्रिज्या ०.१ मिमी, ॲनोडची १ मिमी, व्होल्टेज २५. अंतर ०.९ मिमी धरलं, आलेल्या करंटच्या घनतेला कॅथोडच्या क्षेत्रफळाने गुणलं: लांबीच्या दर सेंटिमीटरला २.३ मिलिअँपिअर. मीटर दाखवत होता त्याच्या जेमतेम एक-अष्टमांश. मी आधी मीटर बदलला! लँगम्यूर आणि कॅथरीन ब्लॉजेट यांनी १९२३ मध्ये दिलेलं नळ्यांचं सूत्र असं: व्होल्टेजचा दीड घात गुणिले १४.६६ × १०⁻⁶, भागिले ॲनोडची त्रिज्या आणि बीटा-वर्ग (दोन त्रिज्यांच्या गुणोत्तरावर ठरणारा, तक्त्यात मिळणारा आकडा) यांचा गुणाकार. सगळं मीटरमध्ये घ्या, उत्तर दर मीटर लांबीला अँपिअरमध्ये येतं. त्रिज्यांचं गुणोत्तर १० असेल तर बीटा-वर्ग सुमारे ०.९८. उत्तर दर सेंटिमीटरला १८.७ मिलिअँपिअर, म्हणजे मीटर बरोबर होता.

गुणोत्तर १० च्या वर गेलं की बीटा-वर्ग १ धरला तरी चूक दहा टक्क्यांच्या आत राहते. खाली मात्र ही सवलत नाही.

दुसरी चूक जास्त फसवी: आत कॅथोड की बाहेर, हे न बघता तक्त्यातून बीटा-वर्ग उचलायचा. गुणोत्तर २ ला आतल्या कॅथोडसाठी तो ०.२७९, बाहेरच्यासाठी ०.८४५. त्याच १ आणि २ मिमीच्या नळ्या, तेच २५ व्होल्ट. आतला कॅथोड दर सेंटिमीटरला ३३ मिलिअँपिअर देतो, बाहेरचा २२. सूत्रातली त्रिज्या दोन्ही वेळा ॲनोडचीच.

गोलाकार इलेक्ट्रोडांचं सूत्र वेगळं आहे. त्यात त्रिज्या येतच नाही, नुसतं गुणोत्तर येतं.

आकडा जुळत नसेल तर आधी व्होल्टेज आणि करंटचा लॉग-लॉग आलेख (दोन्ही अक्षांवर लॉगरिदम) काढा. आकार कुठलाही असो, चढ दीडच हवा. आकारामुळे फक्त स्थिरांक बदलतो. वरच्या टोकाला रेघ आडवी होत असेल तर कॅथोड पुरेसा तापलेला नाही, तिथे स्पेस चार्जचा संबंध संपला. खालच्या टोकाला वाकत असेल तर इलेक्ट्रॉनांचा सुरुवातीचा वेग आणि संपर्क-विभव (दोन वेगळ्या धातूंमुळे आपोआप येणारा व्होल्टेजचा फरक) बघा. डीसीवर तापवलेल्या तारेत आणखी एक गंमत: तिच्या दोन टोकांत काही व्होल्टचा फरक असतो. ॲनोडचं व्होल्टेज त्याहून कमी असेल तर चढ अडीचकडे जातो.

आणि करंट सूत्रापेक्षा बराच जास्त येत असेल, आत निळसर झाक दिसत असेल, तर व्हॅक्यूम तपासा: आत उरलेल्या वायूचे किंवा वाफेचे धन आयन होत असतील. उदाहरणार्थ, पाऱ्याचा आयन तेवढ्याच व्होल्टेजला इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे ६०० पट सावकाश चालतो, त्यामुळे असे मोजकेच आयनही बराच स्पेस चार्ज पुसून टाकतात.