चक्रीवादळ मुलांना कसं समजावून सांगावं

चक्रीवादळ म्हटलं की मुलं हाताने गरगर वर्तुळ काढून दाखवतात. आपणही तिथूनच सुरू करतो: वारा गोल फिरतो, झाडं पडतात. माझं मत वेगळं आहे. वारा नंतर, आधी उष्णता.

१. पातेल्यापासून सुरुवात करा

मुलाचं मनगट ओलं करून त्यावर फुंकर मारायला सांगा. गार लागतं, कारण पाण्याची वाफ होताना ती हाताची उष्णता घेऊन जाते. आता पातेल्यात पाणी उकळून वर झाकण ठेवा. थोड्या वेळाने झाकण उलटं करून दाखवा (हे काम मोठ्यांनीच करायचं). आतून थेंबच थेंब, आणि झाकण चटका बसेल इतकं तापलेलं. आच तर खाली होती, मग झाकण कोणी तापवलं? वाफेने. पुन्हा पाणी होताना वाफ घेतलेली उष्णता परत देते. समुद्रावर हेच होतं, फक्त झाकणाच्या जागी ढग असतात.

२. मग समुद्रावर या

पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम लागतं, आणि तेही सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत. नुसतं वरवर गरम असेल तर वारा खालचं गार पाणी घुसळून वर आणतो आणि वादळ स्वतःचीच चूल विझवतं. पाणी पुरेसं गरम असलं की दमट हवा वर चढते, ढगात वाफेचं पाणी होतं, उष्णता सुटते, त्या उष्णतेने हवा आणखी वर जाते. खाली हवेचा दाब कमी होतो, तो भरून काढायला आजूबाजूची हवा धावते आणि येताना समुद्रावरून नवं बाष्प उचलून आणते. म्हणजे वादळ स्वतःचं इंधन स्वतःच ओढून घेतं. मात्र उंचावरचे वारे खालच्या वाऱ्यांपेक्षा फार वेगळे वाहत असले, तर ढगांचा मनोरा कलंडतो आणि सगळं तिथेच फिसकटतं.

३. ते गोल का फिरतं?

इथे घाई करू नका. कागदाची गोल चकती घ्या. एकाने ती घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवायची, दुसऱ्याने मधून कडेपर्यंत पेन सरळ न्यायचं. चकती थांबवून बघा: रेघ उजवीकडे वाकलेली! पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात वारेही असेच उजवीकडे वळतात.

हुशार मूल लगेच विचारेल, मग वादळ घड्याळाच्या उलट का फिरतं? कागदावर मधोमध एक ठिपका काढा. चार बाजूंनी ठिपक्याकडे निघालेले चार बाण काढायला सांगा, पण प्रत्येकाचा नेम थोडा उजवीकडे चुकू दे. चारही बाण मिळून ठिपक्याभोवती घड्याळाच्या उलट फेर धरतात. दक्षिण गोलार्धात सगळं याच्या उलट. विषुववृत्ताजवळ हा वळवणारा परिणाम इतका क्षीण असतो की तिथे चक्रीवादळं जवळपास होतच नाहीत. बेसिनमधलं पाणी याच कारणाने फिरतं असं मात्र सांगू नका, ते खरं नाही.

४. नावांचा गोंधळ दोन वाक्यांत मिटवा

अटलांटिकमध्ये हरिकेन, वायव्य पॅसिफिकमध्ये टायफून, हिंदी महासागरात चक्रीवादळ: प्राणी एकच. वाऱ्याचा सलग वेग ताशी ११९ किलोमीटरवर गेला की अटलांटिकमधलं वादळ हरिकेन ठरतं, आणि २५२ किंवा त्याहून जास्त असेल तर ते पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत जातं.

मुलांना खास आवडणारी गोष्ट: अटलांटिकच्या वादळांच्या नावांच्या सहा याद्या आहेत आणि त्या आलटून पालटून वापरतात. फार विध्वंस करणाऱ्या वादळाचं नाव कायमचं निवृत्त होतं. २००५ नंतर ‘कतरिना’ हे नाव पुन्हा दिलेलं नाही.

५. डोळ्याबद्दल नीट बजावा

मधला ‘डोळा’ बहुधा ३० ते ६५ किलोमीटर रुंद असतो. तिथे वारा मंद, कधी निळं आकाशही दिसतं. त्याच्या कडेच्या ढगांच्या भिंतीत मात्र सर्वांत जोराचा वारा. डोळा डोक्यावर आला की वादळ संपलं असं वाटून लोक बाहेर पडतात, आणि थोड्याच वेळात भिंतीची दुसरी बाजू येते, वारा उलट दिशेने. किनाऱ्यावर त्याहून मोठी भीती पाण्याची: वारा समुद्राला जमिनीवर ढकलतो आणि पाण्याची पातळी काही मीटरनी चढू शकते.

६. शेवटी एकच प्रश्न विचारा

जमिनीवर आल्यावर वादळ मंदावतं, ते का? मूल म्हणालं, ‘खालचा गॅस बंद झाला’, तर त्याला सगळं कळलंय. मग एवढंच सांगा की पातेलं अजून भरलेलं आहे: वारा पडल्यावरही किनाऱ्यापासून खूप आत पाऊस कोसळत राहतो आणि पूर येतात.