मुनवर उतरणारे हलके यान: टाकी वाढवण्याआधी वजन उतरवा

केर्बल स्पेस प्रोग्रॅम या रॉकेट बांधण्याच्या संगणकखेळात मुनसाठी, म्हणजे केर्बिन या घरच्या ग्रहाच्या चंद्रासाठी, यान बांधायला बसताना पहिला भाग निवडण्याआधी एक छोटा हिशेब कागदावर मांडून घ्यावा. मुनभोवतीच्या खालच्या कक्षेतून पृष्ठभागावर उतरायला सुमारे ५८० मीटर प्रति सेकंद इतका वेगबदल, म्हणजेच डेल्टा-व्ही, खर्च होतो. पुन्हा कक्षेत चढायला तेवढाच लागतो आणि तिथून केर्बिनकडे परतायला साधारण ३१० लागतो. एकूण बेरीज १४७० होते. उतरताना हात चुकतो, जागा बदलावी लागते, म्हणून त्यावर वीस टक्के राखीव धरले की १७६० च्या आसपासचे उद्दिष्ट मिळते. यापेक्षा फार जास्त डेल्टा-व्ही घेऊन निघालेले यान सुरक्षित वाटते खरे, पण ते जादा वजन केर्बिनवरून वर नेणाऱ्या रॉकेटला कित्येक पटींनी भोवते.

आता एक केर्बल, म्हणजे खेळातला अंतराळवीर, बसेल असे साधे यान घेऊ. एमके-१ कुपी (अंतराळवीराची बसण्याची जागा), पॅराशूट, हीट शील्ड (परतताना उष्णतेपासून वाचवणारे कवच), डिकपलर (भाग वेगळे करणारा जोड), तीन एलटी-१ पाय, एफएल-टी२०० आणि एफएल-टी१०० या दोन टाक्या, आणि खाली बहुतेकांच्या पसंतीचे टेरियर इंजिन. याचे भरलेले वजन सुमारे ३.६२ टन आणि इंधन संपल्यावरचे २.१२ टन होते. डेल्टा-व्ही काढण्यासाठी इंजिनाचा विशिष्ट आवेग (ते इंधन किती काटकसरीने वापरते याचे माप), गुरुत्वाकर्षणाचा आकडा ९.८१ आणि भरलेल्या-रिकाम्या वजनांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम यांचा गुणाकार करावा. टेरियरचा निर्वातातील विशिष्ट आवेग ३४५ सेकंद असल्यामुळे उत्तर सुमारे १८१० येते, म्हणजे उद्दिष्ट गाठले जाते.

पण याच यानातून टेरियर काढून स्पार्क इंजिन लावले, तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. स्पार्कचा विशिष्ट आवेग ३२० सेकंदच आहे, त्यामुळे केवळ तो आकडा पाहणारा खेळाडू त्याला नाकारतो. मात्र टेरियरचे वजन ०.५ टन आहे आणि स्पार्कचे अवघे ०.१३ टन. इतक्या लहान यानात ३७० किलो वाचणे ही फार मोठी गोष्ट असते. तेवढ्याच इंधनावर डेल्टा-व्ही १९४० च्या पुढे जातो. शिवाय स्पार्क आखूड असल्याने यान बुटके राहते आणि उतारावर कलंडण्याची शक्यता कमी होते. ही अदलाबदल मला संपूर्ण रचनेतली सर्वांत मोलाची वाटते, कारण इंजिनाची कार्यक्षमता त्याच्या वजनासकटच मोजावी लागते, हे ती आकड्यांत दाखवून देते. यान मोठे झाले आणि त्याचे वजन कित्येक टनांनी वाढले, की हाच निकाल उलटतो आणि टेरियर पुढे जाते.

स्पार्कचा जोर पुरेल का, ही शंका रास्त आहे. मुनचे गुरुत्वाकर्षण १.६३ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, त्यामुळे ३.२५ टनांच्या यानाला तोलून धरायला ५.३ किलोन्यूटन पुरतात, तर स्पार्क २० किलोन्यूटन देते. म्हणजे जोर वजनाच्या पावणेचारपट होतो. टेरियरवर तो दहापट होता, पण त्यातला बराचसा भाग वापरातच येत नाही.

यानंतर किरकोळ वाटणाऱ्या वजनाकडे वळावे. कुपीत मुळातच ४० किलो मोनोप्रॉपेलंट, म्हणजे छोट्या थ्रस्टरचे इंधन, भरलेले असते. यान हलकेच सरकवणारे आरसीएस थ्रस्टर लावलेले नसतील तर ते शून्यावर आणावे. हीट शील्डमधला २०० किलोचा जळणारा थर मुनवरून परतताना बहुतांशी तसाच उरतो, त्यामुळे तो चौथाईवर आणता येतो. एवढ्या १९० किलोंच्या बचतीनंतर एफएल-टी१०० टाकी पूर्णपणे काढली तरी सुमारे १६०० डेल्टा-व्ही शिल्लक राहतो. हात बसलेल्या खेळाडूला तो पुरतो, नवख्याने मात्र ती टाकी ठेवावी.

खऱ्या अपोलो मोहिमांत हीट शील्ड आणि पॅराशूट चंद्राच्या कक्षेतल्या मुख्य यानातच ठेवले जात, आणि चंद्रावर उतरणाऱ्या यानाचा खालचा टप्पाही परतताना चंद्रावरच सोडला जाई. खेळातही ही पद्धत चालते, पण तिच्यासाठी दुसरी कुपी, दोन डॉकिंग पोर्ट (दोन याने जोडणारे भाग) आणि कक्षेत गाठ घालण्याचे कौशल्य लागते. एकट्या केर्बलसाठी ती खटपट करू नये. दोन-तीन जणांना उतरवायचे असेल किंवा जड वैज्ञानिक उपकरणे न्यायची असतील, तेव्हा तिचा विचार करावा.

रचना कितीही चांगली असली तरी उतरण्याच्या पद्धतीवर बरेच अवलंबून असते. यान अधांतरी तरंगत ठेवले तर मुनवर दर सेकंदाला १.६३ मीटर प्रति सेकंद इतका डेल्टा-व्ही वाया जातो, म्हणजे एका मिनिटात जवळजवळ शंभर. म्हणून कक्षेचा सर्वांत खालचा बिंदू उतरण्याच्या जागेजवळ, पण डोंगरांच्या वर राहील एवढा खाली आणावा, आडवा वेग तिथे मारावा आणि शेवटचा उतार शक्य तितक्या उशिरा, पूर्ण जोराने रोखावा. चढताना वातावरणाचा अडथळा नसल्यामुळे सरळ वर जात राहण्याचे कारण नाही. जवळचे डोंगर ओलांडले जातील इतकी उंची मिळताच यान पूर्वेकडे, क्षितिजाच्या जवळ झुकवावे. परतीचा जोर अशा ठिकाणी द्यावा, की यान मुनच्या स्वतःच्या भ्रमणदिशेच्या उलट बाजूने बाहेर पडेल, आणि केर्बिनजवळचा सर्वांत खालचा बिंदू ३० किलोमीटरच्या आसपास आला की इंजिन बंद करावे.