इंग्रजी जोडशब्द तोडायचे कसे आणि जोर द्यायचा कुठे

पहिला काप नेहमी दोन शब्दांच्या सांध्यावर. ‘टाइमटेबल’मध्ये टाइम वेगळा, टेबल वेगळा. मग प्रत्येक तुकड्यात कानाला ऐकू येणारे स्वर मोजा: टाइम-टे-बल, तीन सिलॅबल (एका दमात, एका स्वरावर बोलला जाणारा तुकडा म्हणजे एक सिलॅबल). ‘टाइम’च्या स्पेलिंगमधला शेवटचा ई बोलत नाही, म्हणून तो धरायचा नाही, ‘आइ’ हा जोडस्वर एकच. देवनागरीत लिहून अक्षरं मोजू नका. ‘चर्चगेट’ कागदावर चार अक्षरांचं, पण कानाला दोनच सिलॅबल. उलटीही चूक होते: ‘फिल्मस्टार’चा ‘फिलिमस्टार’ केला की दोनाचे तीन झाले.

आता जोर. जोडशब्द नाम असेल तर बहुतेक वेळा तो पहिल्या शब्दावर येतो: क्लासरूममध्ये ‘क्लास’, न्यूजपेपरमध्ये ‘न्यूज’, चर्चगेटमध्ये ‘चर्च’. आपण मराठी माणसं दोन्ही भाग सारख्याच वजनाने म्हणतो आणि ऐकणाऱ्याला दोन सुटे शब्द वाटतात. फरक अर्थाचाही असतो. ‘ब्लॅक’वर जोर दिला तर शाळेतला फळा (मग तो हिरवा का असेना); ‘बोर्ड’वर दिला तर नुसती काळी फळी.

पहिला शब्द म्हणजे पहिला सिलॅबल नव्हे, इथे पुष्कळ जण घसरतात. त्या शब्दाचा मूळचा जोर जिथे, तिथेच तो राहतो. पो-लीस-मनमध्ये जोर ‘लीस’वर, आणि शेवटचा ‘मॅन’ आखडून ‘मन्’ होतो.

रस्त्यांची नावं मात्र पाठच करावी लागतात. ग्रँट रोड, सँडहर्स्ट रोड यांत इंग्रजी उच्चाराचा मुख्य जोर ‘रोड’वर, पण मुंबईच्या फोर्टातल्या पूर्वीच्या मेडोज स्ट्रीटमध्ये तो ‘मे’वर, कारण ‘स्ट्रीट’ जोर घेत नाही. यात तर्क शोधत बसू नये.

विशेषणांत जोर जागा बदलतो. ‘सर्व्हिस फर्स्ट-क्लास आहे’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यात जोर ‘क्लास’वर, पुढे ‘तिकीट’ आलं की तो मागे ‘फर्स्ट’वर सरकतो. ओव्हरटेक हे क्रियापद, तिथे ‘टेक’वर.

अडलं तर शब्दकोश बघा. मूळ शब्दातले ठिपके बऱ्याचदा ओळ कुठे तोडायची तेवढंच सांगतात, त्यामुळे बघायची ती उच्चारलिपी, म्हणजे शब्दापुढे खुणांनी लिहिलेला उच्चार. वरची उभी रेघ ज्या सिलॅबलच्या आधी, त्यावर मुख्य जोर. खालची रेघ दुय्यम जोराची.