घरी शिवलेला प्राण्याचा पोशाख: या चुका टाळा

डिसेंबर लागला की आमच्या गिरगावातल्या चाळीत रात्री उशिरापर्यंत शिवणयंत्रांची घरघर चालू असते. गॅदरिंगचे दिवस. शेजारपाजारच्या मुलांसाठी आणि बालनाट्यांसाठी मी बरीच वर्षं वाघ, ससे, हत्ती शिवते आहे, आणि त्यातलं एक अस्वल माझ्या मनातून जात नाही. आरशासमोर ते इतकं छान दिसलं की घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. रंगमंचावर मधाचं पोळं उचलायला पोर खाली वाकलं आणि मुंडकं घसरून डोळ्यांवर आलं. सहा वर्षांचं ते मूल अंधारात घाबरून रडायला लागलं. चूक माझी होती. मी ताठ उभ्या मुलाचं माप घेतलं होतं आणि त्याच मापाने सगळं शिवलं होतं.

तेव्हापासून मी पहिलं माप धडाचं घेते. टेप एका खांद्यावर धरायची, पुढून दोन पायांच्या मधून मागे न्यायची आणि पाठीवरून त्याच खांद्यावर परत आणायची. या घेरात 8 ते 10 सेंटिमीटर वाढवा. छाती आणि उंची बरोबर असूनही मूल मांडी घालून बसलं की शिवण उसवते, त्याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. पोशाख आधीच शिवून झाला असेल तर जांघेत कळी, म्हणजे कापडाचा जोडतुकडा, घाला, किंवा कमरेवर आडवा कापून चार बोटांची पट्टी जोडा. फरच्या कापडावर जोड लवीखाली झाकला जातो.

मुंडक्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. बाहेरचा आकार सुंदर करण्याच्या नादात आत काय आहे याकडे आपलं लक्षच जात नाही. फोमचं नुसतं पोकळ गोल डोक्यावर कधीच स्थिर राहत नाही. आत सुती टोपी बसवा आणि टोपी व फोम यांच्यामध्ये कपाळावर, दोन्ही कानांच्या वर आणि डोक्याच्या मागे स्पंजचे तुकडे चिकटवा. तुकड्यांच्या मधल्या फटींतून हवा खेळते, म्हणून स्पंजचं सलग अस्तर लावू नका. तोंडाचा पुढे आलेला भाग भरीव केला की मुंडकं पुढे झुकणारच, म्हणून नाक-तोंड आतून पोकळ ठेवा. मागे मानेच्या खळगीत बसेल अशी आडवी पट्टी लावा. हनुवटीखालच्या इलॅस्टिकला वेलक्रो हवा, म्हणजे मूल घाबरलं तर एका हिसक्यात मुंडकं निघतं. गाठ मारून बांधलेली नाडी मला या जागी अजिबात मान्य नाही.

प्राण्याचे डोळे जिथे शोभतात तिथे मुलाचे डोळे क्वचितच येतात. बरेच जण डोळ्यांच्या जागी भोकं पाडतात आणि मग मूल मान वर करून चालतं. मुलाच्या डोळ्यांची उंची मुंडक्यावर खडूने मारून घ्या. बहुतेक वेळा ती प्राण्याच्या उघड्या तोंडाशी येते. तिथे काळी जाळी लावा. पांढऱ्या जाळीवर प्रकाश पडला की आतून धुकं पसरल्यासारखं दिसतं. काळीतून स्वच्छ दिसतं आणि बाहेरून आतलं काही कळत नाही. चष्मा असलेल्या मुलाला चष्म्यासकट घालून बघा, श्वासाने काचा धूसर होत असतील तर नाकपुड्या मोठ्या करा.

फर कात्रीने कापण्याची चूक तर प्रत्येक घरात होते. कापड उलटं घालून मागून कटरने फक्त पाठीचं कापड चिरा, लव कापू नका. नाहीतर कडेला लव आखूड होते आणि जोड लांबून ओळखू येतो. मंगलदास मार्केटला किंवा भुलेश्वरला कापड घेतानाच हात फिरवून लव कुठल्या दिशेला झुकते ते पाहा. प्रत्येक तुकड्यावर मागून बाण काढा. दिशा डोक्याकडून शेपटीकडे आणि खांद्याकडून पंजाकडे. एक बाही जरी उलटी लागली तरी दिव्यांखाली ती वेगळ्याच रंगाची दिसते. टीप मारल्यावर शिवणीत अडकलेले केस सुईच्या टोकाने बाहेर ओढा. चेनच्या दोन्ही बाजूंची लव बोटभर रुंदीत बारीक करा, म्हणजे चेन अडकणार नाही. चिकटवायचा वेलक्रो घामाने सुटतो, तो शिवाच, आणि काटेरी बाजू फरपासून दूर ठेवा.

थर्माकोलला फेविकॉल एसआरसारखं सोल्यूशन लावलं की थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. स्प्रे पेंटनेही तेच होतं. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदीही आहे, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊच नका. फोम शीट आणि स्पंज पुरेसे आहेत. जोडायच्या दोन्ही तुकड्यांना सोल्यूशन लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मगच दाबायचं. ओलं असतानाच दाबलं तर कान दुसऱ्या दिवशी हातात येतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा, त्या वासाने डोकं चढतं.

कान सपाट लावू नका. बुडाशी लहान चुणी घेतली की ते वाटीसारखे वळतात आणि आपोआप उभे राहतात.

शेपूट पँटला शिवली की पँट खाली ओढली जाते. आतून नवारीचा पट्टा कमरेला बांधा, शेपूट त्यालाच अडकवा आणि पँटच्या भोकातून बाहेर काढा. टोकाकडे कापूस हलका भरा. तार घातली असेल तर तिचं टोक वळवून त्यावर कापड गुंडाळा. शेपूट जमिनीपासून वीतभर वर राहू दे, जिन्यात मागच्या मुलाचा पाय पडतो. पंजे मोज्यांवर न करता जुन्या कॅनव्हासच्या बुटांवर करा. फोमचा तळवा फरशीवर सटकतो. हाताच्या पंजाला तळव्यात चीर ठेवली की मुलाला बोटं बाहेर काढून पाण्याची बाटली धरता येते.

मुंबईत जानेवारीतही दुपारी पारा तिशीपर्यंत जातो. फरच्या आत मूल किती तापतं ते बाहेरून कळत नाही, त्यामुळे प्रवेश संपला की लगेच मुंडकं काढा आणि पाणी द्या. रंगीत तालमीला पूर्ण पोशाखात वाकायला, बसायला, जिना चढायला लावा आणि शौचालयात जाऊन येऊ द्या. तेव्हा सापडलेली चूक रात्रीत दुरुस्त होते.

एक गोष्ट हात जोडून सांगते. नटराजपूजनाची समई आणि कापराची आरती चालू असताना फर घातलेल्या मुलांना तिथे उभं करू नका. हे कापड कृत्रिम धाग्याचं असतं, ते पटकन पेट घेतं आणि वितळून अंगाला चिकटतं. पूजा आटोपली, ज्योत शांत केली, की मग मुलांना मुंडकी चढवा.