सूर-ताल कानाने ओळखताय? आधी या चुका टाळा

आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा आम्ही आठ-दहा जण ऐकायला बसतो. कुणाचं, कुठलं, काही न सांगता एक ध्वनिमुद्रण लावायचं आणि ऐकू आलं ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं. सुरुवातीच्या बैठकींतल्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात. बल्गेरियातल्या नाचाच्या धुनेवर तालाचं नाव 'रूपक'. झिम्बाब्वेच्या एंबिरा या वाद्यावर 'स्पीकर फाटलाय'. बालीच्या गामेलान या वाद्यमेळावर 'आधी वाद्यं लावून घ्या'. देसकार रागावर सगळ्यांनी भूप लिहिलं होतं आणि त्यात माझीही चिठ्ठी होती.

लिहिणारे कच्चे नव्हते. दोघं तबल्याच्या परीक्षा दिलेले, एक जण वर्षानुवर्षं भजनाला पेटीची साथ करणारा. पण ऐकायला बसल्याबसल्या पहिल्या दहा सेकंदांत नाव सुचतं आणि पुढची पाच मिनिटं कान त्या नावाचे पुरावे गोळा करत बसतो. खालच्या बहुतेक चुका याच घाईच्या आहेत.

सा सापडायच्या आधी राग शोधणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही, म्हणून हिच्यापाशी जरा रेंगाळतो. घरी पेटी असेल तर पुढ्यात घ्या. आज पांढऱ्या पट्ट्यांना हात लावायचा नाही, फक्त पाच काळ्या. मोबाइलवर तानपुरा काळी तीनला (दोनच्या जोडीपासून मोजत तिसरी काळी) लावा आणि त्या पट्टीला सा मानून वर-खाली फिरा. भूप वाजेल. आता बोटं त्याच पाच पट्ट्यांवर ठेवा, फक्त तानपुरा काळी पाचला न्या. मालकंस! काळी एकला न्या, दुर्गा. काळी दोनला धानी, काळी चारला मधमाद सारंगाचे सूर. पट्ट्या पाचच, बदलला तो फक्त सा.

याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात आणि जाणकारांना हे पाठ असतं. तरीही परक्या संगीतापुढे बसलं की तेच जाणकार सगळं विसरतात. पाच सूर ऐकू आले की 'चिनी' असा शिक्का मारून मोकळे होतात. हीच पाच सुरांची शिडी स्कॉटलंडच्या लोकगीतांतही भेटते आणि आपल्या भूपाळीतही. शिडी कळली म्हणजे गाव कळलं असं होत नाही, आणि सा कळल्याशिवाय तर शिडीही धड कळत नाही.

मग सा शोधायचा कसा? तानपुरा असेल तर काम सोपं. नसेल तर मुद्रण मध्येच बंद करा आणि तोंडातून जो सूर आपोआप येऊन थांबतो तो गुणगुणा. पुन्हा लावा, दुसऱ्या जागी बंद करा, पुन्हा गुणगुणा. तीनदा एकच सूर आला तर तो बहुधा सा. पाश्चात्त्य गाण्यात सगळ्यांत खालचं वाद्य शेवटच्या ठोक्याला कुठे बसतं ते पाहा. तिथेही एक फसगत आहे. कित्येक पॉप गाण्यांत शेवटचं कडवं एक-दोन स्वर वर चढवून गातात, म्हणजे सा मध्येच घर बदलतो. त्यामुळे फक्त शेवट ऐकून सुरुवातीचा हिशेब करू नका.

पहिला सूर म्हणजे सा, हा गैरसमज तर यमनच मोडून काढतो. गवई 'नि रे ग' अशी सुरुवात करतो, सा टाळतो, आणि नवखा ऐकणारा निषादालाच सा धरतो. मग त्याला भलताच राग दिसायला लागतो. मारव्यात हे आणखी बिकट होतं. तिथे कोमल रिषभ आणि धैवत इतका जोर धरतात की पायाखालची फरशी सरकल्यासारखी वाटते. ते सरकणं हीच मारव्याची गंमत, पण फरशी कुठे होती हे आधी माहीत असेल तरच ती कळते.

आणि आता देसकार. भूपाचेच पाच सूर, सा तोच. आम्ही फसलो ते पुढच्या पायरीवर: सूर मोजले, पण मुक्काम पाहिले नाहीत. भूप गांधारावर विसावतो आणि सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतो. देसकार धैवताला धरून वरच्या अर्ध्यात वावरतो आणि रिषभावर फारसा थांबत नाही. चिठ्ठीवर रागाचं नाव लिहायच्या आधी 'गायक कुठे थांबला' याच्या नुसत्या खुणा करायची सवय लावली, तेव्हापासून आमची ही चूक बरीच कमी झाली.

जोराचा ठोका तीच सम, असं समजणं

आपण समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलवत वाढलो. त्यामुळे कुठेही ठणका ऐकला की मान तिथे पडते. रॉकमध्ये चारांच्या गटात कडक आवाजाचा स्नेअर ड्रम दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला वाजतो. पहिला ठोका असतो खालच्या ढोलाच्या 'धप्प'चा, ऐकायला मवाळ. स्नेअरला 'एक' धरलंत की अख्खं गाणं एक घर सरकून ऐकू येतं. रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात तर पहिला ठोका ढोल मुद्दाम मोकळा सोडतो आणि भार तिसऱ्यावर टाकतो.

जावाच्या गामेलानमध्ये आमची सर्वांत मोठी फटफजिती झाली. तिथे मोठी गाँग आवर्तन बंद करते. चार स्वरांचा एक गट असतो आणि त्यातला चौथा स्वर जड. आपण गाँग ऐकून 'एक' म्हणतो, तिथला वादक त्याच क्षणी 'संपलं' म्हणत असतो. उपाय सोपा आहे. आठ घरं मोजताना 'एक'वर मान टाकण्याऐवजी 'आठ'वर टाका. दोन-चार आवर्तनांत धून आपोआप सरळ होते.

परगावचं कशाला, रूपकाची समच 'खाली'त, म्हणजे तालाच्या बिनभाराच्या भागात आहे: ती ती ना, धी ना, धी ना. डग्ग्याचा घुमारा ऐकून सम पकडणारा माणूस इथे चौथ्या मात्रेला मान हलवतो. त्रितालातही एक बारीक खोच आहे. खाली नवव्या मात्रेवर, पण प्रचलित ठेक्यात तिथे 'धा'च वाजतो. घुमारा जातो दहाव्या मात्रेपासून आणि परततो चौदाव्याला. त्यामुळे डग्गा गप्प झाल्यावर 'खाली आली' म्हणणारा नेहमी एक मात्रा उशिरा पोचतो. विलंबित एकतालात मोजता मोजता हरवलात तर 'तिरकिट'ची वाट पाहा. तो चौथ्या आणि दहाव्या मात्रेला येतो. दहाव्याचा गेला की 'धी', 'ना', आणि सम.

आकडा बरोबर, वाटणी चूक

ती बल्गेरियाची चिठ्ठी. नाचाचं नाव राचेनित्सा, मात्रा सात, म्हणून 'रूपक' लिहिणाऱ्याने आकडा अचूक ऐकला होता. पण राचेनित्सा दोन-दोन-तीन अशी चालते आणि रूपक तीन-दोन-दोन. शेजारच्या मॅसिडोनियातलं लेस्नोतो मात्र तीन-दोन-दोनच असतं. तिथे 'रूपकासारखी वाटणी' लिहिलंत तर पूर्ण गुण.

अशा ठिकाणी एक ते सात मोजू नका. वेग इतका असतो की जीभ अडखळते. दोनाला 'टाका' आणि तीनाला 'तकिट' म्हणा. राचेनित्सा: टाका टाका तकिट. ११ मात्रांची कोपानित्सा: टाका टाका तकिट टाका टाका. तोंडात बसलं की कानात बसतं, आणि बोल म्हणण्याची ही सोय आपल्याला आयतीच मिळालेली आहे.

सहाचा घोळ वेगळा. एकाच सहा मात्रा तीन-तीन अशा दोन भागांत पडू शकतात किंवा दोन-दोनच्या तीन भागांत. गोव्याचा मांडो हा गीतप्रकार लावला की त्यातलं व्हायोलिन ऐकून कुणीतरी 'वॉल्ट्झ' लिहितंच. घुमट या तालवाद्याकडे कान लावा, मग ती संथ सहाची चाल आपल्या पायाने चालते हे लक्षात येईल. घाना आणि टोगोतल्या एवे लोकांच्या ढोलवादनात तर लोखंडी घंटेचे १२ सूक्ष्म ठोके तीनांतही मोजता येतात आणि चारांतही. तिथे भांडत बसू नका, चलचित्र असेल तर नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघा. पाय सांगतील तो ठोका खरा.

'बेसूर आहे' म्हणून मोकळं होणं

हा शेरा आमच्याकडे आता बंद केलाय. त्याऐवजी लिहायचं: 'कुठला सूर, कुठल्या बाजूला, दर वेळी तिथेच का?' दर वेळी सूर त्याच जागी येत असेल तर ती चूक नव्हे, ती त्या संगीताची जागा आहे.

अरबी मकाम (तिथला 'राग' म्हणा) रास्तचा गांधार आपल्या कोमल आणि शुद्धच्या मधोमध कुठेतरी बसतो. पेटीवर तो नाहीच, कारण त्या दोन पट्ट्यांच्या फटीत बोट जात नाही. ऊद या तिथल्या तंतुवाद्याला पडदे नसतात, तिथे तो सहज मिळतो. अमेरिकेतल्या ब्लूज गायकांचा गांधारही असाच मधे लोंबकळतो. पेटीवर घडलेल्या कानाला हे सगळं 'थोडं उतरलेलं' वाटतं. याच पेटीला आकाशवाणीने १९४० साली दार बंद केलं होतं, ते १९७१ साली किलकिलं झालं. मला स्वतःला पेटी प्रिय आहे, पण परकं संगीत ऐकताना ती मनातून बाजूला ठेवावी लागते.

बालीत तर वाद्यांच्या जोड्या जाणूनबुजून किंचित वेगळ्या लावतात, एक जरा चढी, एक जरा उतरलेली. दोन्ही एकदम वाजली की आवाजाला लाट येते. ती लाट नसेल तर तिथल्या कानाला वाद्य मेलेलं वाटतं. एंबिराच्या फळीला शिंपल्या किंवा बाटलीची बुचं लावतात ती खरखरीसाठीच. 'स्पीकर फाटलाय' लिहिणाऱ्या आमच्या मित्राला मी एवढंच विचारलं, की तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून तू इतका वेळ काय शोधत असतोस? जवारी म्हणजे तरी काय, मापात आणलेली खरखरच.

काही छोट्या ठेचा

कोमल म्हणजे करुण, मायनर म्हणजे दुःखी: हे ओळखीत धरू नका. भैरवीत रे, ग, ध, नि सगळे कोमल, आणि त्याच भैरवीत लावणीही रंगते, अभंगही. भाव लिहायचाच असेल तर चिठ्ठीच्या मागच्या बाजूला.

नावाला भुलू नका. कर्नाटक संगीतातल्या हिंदोलमचे सूर आपल्या मालकंसाचे आहेत, आपल्या हिंदोलाशी त्याचं सुरांचं नातं नाही. तिकडच्या तोडीचे सूर आपल्या भैरवीचे, पण गांधार गमकाने, म्हणजे सुराला दिलेल्या झोक्याने, इतका हलतो की भैरवी मनात आणून ऐकलं तरी ओळख पटत नाही.

वाद्य ओळखताना सूर चालू असतानाचा आवाज कमी उपयोगी, सूर उमटतो तो पहिला क्षण जास्त. सतार आणि सरोद यांत मात्र गोंधळ होत असेल तर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग जाणं, ऐका. सतारीत तार पडद्यावर बाजूला खेचून सूर चढवतात. सरोदला पडदेच नसल्याने बोट गुळगुळीत पत्र्यावरून सरळ घसरत जातं.

मंगोलियाची खूमी ही गायकी ऐकून 'एक माणूस गातोय, दुसरा शीळ घालतोय' असं लिहिणारे बरेच. दोन्ही आवाज एकाच गळ्यातले असतात. गायक खर्ज धरून तोंडाच्या पोकळीने त्यातला एकेक वरचा स्वर मोठा करतो. उत्तम लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून न छेडलेला गांधार ऐकू येतो, तोच हा प्रकार. तो गांधार एकदा ऐकलेला असला की खूमी लगेच उकलते.

फोनच्या स्पीकरवर ऐकणं

सगळं करून पाहिलं तरी सम सापडत नसेल, सा निसटत असेल, तर आधी कान तपासू नका, यंत्र तपासा. फोनचा इवलासा स्पीकर खालचे सूर जवळजवळ गिळून टाकतो. डग्गा, बास गिटार, खर्जाची तार, म्हणजे ज्यांच्यावर सा आणि आवर्तन उभं असतं नेमकं तेच जातं. साधे हेडफोनही चालतील. वेग झेपत नसेल तर अ‍ॅपमध्ये तो अर्ध्यावर आणा. सूर तोच राहतो आणि ठोके सुटे होतात.

जावाचं ते गामेलान आम्ही पहिल्यांदा फोनवरच लावलं होतं. पुढच्या महिन्यात तेच मुद्रण मोठ्या स्पीकरवर लावलं, तर दोघांनी एकदम विचारलं, "ही गाँग मागच्या वेळी कुठे होती?"