लघवीच्या पिशवीचं अस्तर भरून येईपर्यंत या चुका टाळा

युरॉलॉजीच्या, म्हणजे लघवीच्या आजारांच्या ओपीडीत नळीवाटे लघवीच्या पिशवीत औषध सोडायचं काम मी करते. दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, "सिस्टर, दोन डोस झाले, काही फरक नाही. बंद करू का?"

अहो, दोन डोसांत नुसती सुरुवात होते. पिशवीला आतून एक पातळ, बुळबुळीत थर असतो. त्याला जीएजी थर म्हणतात. हायल्युरोनिक ॲसिड, कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ही त्यातलीच द्रव्यं. हा थर झिजला की लघवीतलं पोटॅशियम भिंतीत झिरपतं आणि नसांना डिवचतं, असं मानलं जातं. म्हणून त्याच द्रव्यांचं द्रावण आत सोडायचं. आमच्याकडे हायल्युरोनिक ॲसिड ४० मिलिग्रॅम, ५० मिलिलिटरमध्ये, आठवड्याला एकदा असं चार ते सहा वेळा देतात, मग महिन्याला एकदा.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे पाणी ढोसून येणं. एक ताई पहाटेच्या एसटीनं आल्या. सोनोग्राफीला 'लघवी भरून या' सांगतात, तसंच इथेही असेल असं समजून स्टँडपासून दवाखान्यापर्यंत त्यांनी लिटरची बाटली संपवली. नळी घालून पिशवी रिकामी केली, औषध सोडलं. पण प्यायलेलं पाणी मागून उतरतच होतं. बारा मिनिटं दात-ओठ खाऊन पडून राहिल्या आणि मग चप्पल न घालताच संडासाकडे धावल्या. महागडं औषध गेलं वाहून. त्यांना काय बोलणार? आधी कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून आदल्या संध्याकाळी मी स्वतः फोन करते: येण्याआधी दोन तास पाणी बेताचं, सकाळचा चहा नको, आणि टेबलावर चढण्याआधी लघवी करून या. औषध निदान अर्धा तास आत राहायला हवं. जमणाऱ्यांना मी तासभर थांबवते. मधे कुशी बदलायला लावते. ही माझी सवय, कुणाच्या कागदावर लिहिलेली नाही.

पण घरी गेल्यावर उलटं करू नका. लघवी लागू नये म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर राहिलात तर लघवी दाट होते आणि सोललेल्या जागी जास्तच झोंबते.

दुसरी चूक मेडिकलच्या काउंटरवर होते. उन्हाळी लागली की पाच दिवसांच्या गोळ्या. महिन्याभरानं पुन्हा लागली की त्याच. एका बाईंनी माझ्यासमोर हातातली पिशवी उलटी केली तर अँटिबायोटिकच्या सात रिकाम्या स्ट्रिप्स पडल्या, आणि कल्चरचा, म्हणजे लघवीत जंतू आहेत का ते बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट एकही नाही. जंतू नसतील तर अँटिबायोटिक मारणार कुणाला? गोळी सुरू करण्याआधी कल्चरला नमुना द्या. दोन गोळ्या पोटात गेल्यावर दिलेल्या नमुन्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि कल्चर निगेटिव्ह असूनही लघवीत पस सेल्स (पुवाच्या पेशी) दिसत असतील तर क्षयाची तपासणी करायला सांगा. आपल्याकडे हे विसरून चालत नाही.

लघवीत रक्त दिसलं तर 'अस्तर सोललंय' असं स्वतःच ठरवून बसू नका. दुखत नसेल तरी दुर्बिणीनं आतून बघायलाच हवं. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) घेतलेल्यांना तर कित्येक वर्षांनीही पिशवीतून रक्त जाऊ शकतं. शेक घेतलाय हे डॉक्टरांना आधी सांगा.

याच अस्तरासाठी पोटातून घ्यायच्या पेंटोसनच्या गोळ्या असतील तर १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. फरक कळायला तीन ते सहा महिने लागतात, पंधरा दिवसांत मला फोन करू नका. त्या बराच काळ घ्यायच्या असतील तर डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, त्यावर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर तेही सांगा.

लिंबू सरबत थंड असतं म्हणून पेलाभर पिऊन येणारेही आहेत. थंड असेल, पण अशा पिशवीला आंबट बऱ्याचदा सोसत नाही. चहा-कॉफी, टोमॅटो, ठेच्याचंही तेच. मात्र सगळं एकदम बंद करून भात-दुधावर येऊ नका. एकेक पदार्थ आठवडाभर सोडून बघा आणि वहीत लिहा. एका आजोबांनी दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानापासून लघवीच्या वेळा लिहिल्या होत्या. संध्याकाळी पाचच्या चहानंतर दर वेळी तीन-तीन फुल्या. त्यांना मला काही सांगावंच लागलं नाही.